शाळेशेजारच्या ओपन स्पेसमधे भाजीपाला करायचाय, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार?

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी. आम्ही आटपाडी साइडचे, तालुक्याचं गाव, धड शहर नाही आणि खेडंही नाही. आमच्या कॉलनीच्या लेआउटमधे सोडलेली ओपन स्पेस आहे, पाचसहा गुंठे भरेल, सध्या तिथं वेड्या बाभळी, बाटल्या आणि लग्नसराईत कुणाचा तरी मांडव. कंपाउंडला लागूनच चौथीपर्यंतची शाळा. आम्हा चारपाच जणांच्या डोक्यात आलंय की इथं कॉलनी आणि शाळा मिळून भाजीपाला करायचा, पोरं शिकतील पण आणि जागा पण स्वच्छ राहील. शाळेतल्या बाई एका पायावर तयार आहेत. पण मीटिंगला बसलो की गाडी त्याच त्याच ठिकाणी अडकते, परवानगी कुणाची घ्यायची, मे महिन्यात शाळा बंद आणि आमच्याकडं तेव्हा टँकरची वाट बघायची वेळ, मग पाणी कोण घालणार, आणि आलेली भाजी न्यायची कुणी? वर एक पालक म्हणाले पोराला शिकायला पाठवतो, खुरपायला नाही. कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा, नुसतं "छान उपक्रम" नको प्लीज 🙏

निवृत्त_खडू:
पहिलं काम, ती जागा नगरपंचायतीच्या नावावर झालीय का अजून मूळ मालकाच्याच, ते उतारा काढून बघा. बऱ्याच लेआउटमधे तिथंच घोळ असतो. नगरपंचायतीकडं असेल तर रीतसर अर्ज द्या आणि ठराव करून घ्या, नगरसेवकाच्या तोंडी "करा की ओ" वर जाऊ नका, तो बदलला की बागही जाते.

आता मे महिना. मला कळत नाही सगळे मे मधे बाग हिरवी ठेवायच्या मागं का लागतात. आपल्या भागातला कुठला जिरायती शेतकरी मे मधे भाजी करतो? तो रान नांगरून तापत ठेवतो, उन्हानं किडीचे कोष, अंडी मरतात आणि वर आलेल्या अळ्या पाखरं टिपतात. तुम्हीपण तेच करा. बागेचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला बांधा. जूनमधे शाळा उघडली की पहिल्या बऱ्या पावसावर गवार, भेंडी, दोडका, घेवडा. गणपतीपर्यंत भेंडी गवार हातात येते. दिवाळीची सुट्टी संपली की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, यातली मेथी तर महिन्याच्या आत निघते म्हणजे पोरांचा धीर सुटायच्या आत. फेब्रुवारी सरला की नवीन काही पेरायचं नाही. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू एवढंच कायमचं ठेवा, ते पहिली एकदोन वर्षं जपली की नंतर फार पाणी मागत नाहीत. त्या आठदहा झाडांना मे मधे बुडात मडकं पुरून आठवड्यातून एकदोनदा भरायला कॉलनीतलं एक घर पुरतं.

स्पष्टच_बोलतो:
तुमचा उत्साह घालवायचा नाही पण आमच्या गावात एका शाळेत असलीच परसबाग झालेली, उद्घाटनाला फेटे, फ्लेक्स, ड्रोन शूटिंग. फ्लेक्सचा खर्च बियाण्यापेक्षा जास्त. दसऱ्याला बघितलं तर फ्लेक्स शाबूत आणि खाली गाजर गवत. आणि ते पालक चुकीचे नाहीयेत ओ. बऱ्याच ठिकाणी पोरं खुरपतात आणि मोठी माणसं सावलीत उभी राहून ग्रुपवर फोटो टाकतात. पोराच्या हातात खुरपं द्यायचं तर शेजारी बाईंच्या पण हातात पाहिजे, आणि कॉलनीतल्या काकांच्या पण.

पोषणआहार_ताई:
मी एका शाळेत आहार शिजवते म्हणून भाजीचं सांगते. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे ६० पोरं असली तरी रोज ३ किलो झाली. तुमच्या बागेतनं रोज ३ किलो निघत नसती, आधीच सांगते, नाहीतर नंतर सगळे म्हणणार बाग फेल गेली. आठवड्यातनं एखादा दिवस बागेची भाजी असं ठेवा. आमच्याकडं लाल माठ असतो, तो खिचडीत चिरून टाकला की खिचडी गुलाबी होते, पोरं बघायला गोळा होतात आणि जी पोरं पालेभाजी ताटाच्या कडंला सारतात तीच परत मागून घेतात, आपणच उपटून आणलेला असतो ना. सुट्टीच्या दिवसातलं काय निघंल ते त्या आठवड्यात पाणी घालणाऱ्यानं न्यायचं, फुकट नाही, वाट्यानं. आपल्याकडं रान वाट्यानं देतातच की, सगळ्यांना कळतं, वेगळे नियम छापायला लागत नाहीत.

आणि पाणी टँकरचंच कशाला, तांदूळ डाळ भाज्या धुतलेलं पाणी रोज निघतं ते वाफ्यात जाऊदे. भांडी घासलेलं साबणाचं पाणी मात्र भाजीला नको, ते केळी, कर्दळीच्या बुडाशी सोडा.

माणदेशी_गडी:
ताई वाट्याचं एक नंबर, मीटिंगमधे हेच मांडतो. @स्पष्टच_बोलतो फ्लेक्स करणार नाही, शब्द 😄 पण शिकण्याचं काय करायचं? म्हणजे पोरं पाणी घालतात, उपटतात, खातात, त्यात शिक्षण कुठं आलं असं बाईंना वरून विचारणारच.

निवृत्त_खडू:
बी पेरायच्या आधीच सुरू होतं. ओल्या गोणपाटात किंवा सुती कापडात गवारीचे १०० दाणे गुंडाळून ठेवायचे, कोंब आलेले मोजायचे. ७० आले तर ७०% उगवण, झाला शेकडेवारीचा पाठ, आणि मग बी किती जास्त टाकावं हा प्रश्न पोरंच विचारतात. पाऊस घ्या. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. शाळेचा पत्रा १०० चौरस मीटर धरा, २० मिमीची एक चांगली सर आली की २००० लिटर, थोडं वाया गेलं तरी एक टाकी भरते. हे गणित चौथीच्या पोराला तोंडी येतं, आणि ते घरी जाऊन बापाला विचारतं आपल्या पत्र्यावरचं पाणी कुठं जातं.

बियाणं शक्यतो देशी आणा. हायब्रिडचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येईल याची खात्री नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी देशी वाणांची बँकच उभी केली, आणि शाळेची पायरीही न चढता. शेवटचे दोडके वेलावर वाळू द्यायचे, बी काढून राख लावून डब्यात, वर पोरांच्या अक्षरात तारीख. पुढच्या चौथीला ते बी आधीच्या चौथीकडून मिळतं.

अजून एक, वर्गात मागं बसणारं, वाचता न येणारं मेंढपाळाचं पोर बागेत आलं की कुठली कीड काय खाते हे बाईंना सांगतं. त्याला तिथं बोलू द्या, मधे पुस्तक काढू नका.

जुना_पाबळकर:
वरच्यांना सांगा, हे काही नवीन नाही ओ. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मधे विज्ञान आश्रम काढला, तिथून हायस्कूलच्या पोरांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला, शेती पशुपालन त्यात एक विभाग, बाकी वर्कशॉप, ऊर्जा, गृह आरोग्य. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पोरं गावाची खरी कामं करतात आणि त्याचा हिशोब ठेवतात. तुमची चौथीपर्यंतचीच आहेत, पण शेजारच्या हायस्कूलच्या पोरांना ठिबकचं काम द्या. खर्च किती, पाणी किती वाचलं, वहीत मांडा. वही असली की वरून येणाऱ्या साहेबाला पण दाखवायला काहीतरी असतं.

माणदेशी_गडी:
भारी. शेवटचं एक, शेळ्या. आमच्या कॉलनीत मोकाट शेळ्या एवढ्या की तारेच्या खालनं घुसतात.

पोषणआहार_ताई:
तारंवर पैसे घालू नका. त्याच वेड्या बाभळी तोडाल ना, त्याचे काटेरी फांजर कडंनं गच्च रचा, पहिलं वर्ष निघतं, तोवर आतल्या अंगानं घायपात लावा. आणि शेळीवालीला बोलावून निघालेलं तण, वाळलेला वेल तिलाच द्या, ती लेंडीखत आणून टाकंल. आमच्याकडची आता फाटक उघडं दिसलं तर स्वतः लावून जाते.

स्पष्टच_बोलतो:
बाभळीला जेसीबी लावू नका फक्त. वरची चार बोटं चांगली माती आहे ती ढिगाऱ्यात जाईल आणि खाली नुसता मुरूम.