पी-ॲडिक फील्डवर सगळेच सेमीसिंपल, मग अभ्यास कशाचा?

एम.एस्सी. विद्यार्थिनी, अमळनेर
सर्वांना नमस्कार. फील्डचे कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल (म्हणजे १ स्वतःत कितीही वेळा मिळवला तरी शून्य येत नसेल), तर कोणत्याही फायनाइट ग्रुपचा ग्रुप अल्जिब्रा (ग्रुपच्या घटकांना फील्डमधले सहगुणक लावून केलेल्या बेरजांचा अल्जिब्रा) सेमीसिंपल असतो, म्हणजे साध्या तुकड्यांत पूर्ण विभागला जातो, असे माश्के यांचे प्रमेय सांगते. पी-ॲडिक फील्डचे, म्हणजे मूळ संख्या पीच्या घातांवरून अंतर मोजून परिमेय संख्यांचा जो विस्तार होतो त्याचे, कॅरॅक्टरिस्टिक शून्यच आहे. असे असताना त्यावरच्या रिप्रेझेंटेशन थिअरीचा (ग्रुपचे घटक मॅट्रिक्सने दाखवण्याच्या शास्त्राचा) वेगळा अभ्यास का करावा लागतो, आणि मूळ संख्या पी बदलली की नेमके काय बदलते? एखाद्या लहान ग्रुपवर कोणी हे उलगडून दाखवले, तर फार मदत होईल.

प्राध्यापक, धुळे
ताई, प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. सेमीसिंपल म्हटल्यावर वेडरबर्न यांच्या प्रमेयाने अल्जिब्राचे तुकडे पडतात, पण प्रत्येक तुकडा हा कोणत्या तरी डिव्हिजन अल्जिब्रावरच्या (जिथे शून्य सोडून कशानेही भागता येते, पण गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असू शकतो, अशा अल्जिब्रावरच्या) मॅट्रिक्सचा असतो आणि तो डिव्हिजन अल्जिब्रा कोणता, याबद्दल माश्के काहीच सांगत नाहीत. पी बदलल्यावर नेमके तेच बदलते.

८ ऑर्डरचा क्वाटर्निअन ग्रुप घ्या. परिमेय संख्यांवर त्याचे चार एकमितीय तुकडे पडतात आणि पाचवा तुकडा हॅमिल्टन यांच्या क्वाटर्निअनचा असतो. हा पाचवा तुकडा २×२ मॅट्रिक्सचा अल्जिब्रा होतो की डिव्हिजन अल्जिब्राच राहतो, हे क्ष² + य² = −१ या समीकरणाला त्या फील्डमध्ये उत्तर आहे की नाही यावर ठरते. पी विषम असेल, तर पीने भागून उरणाऱ्या बाक्यांमध्ये (पी+१)/२ वर्ग असतात. त्यामुळे क्ष² आणि −१−य² यांची कुठे तरी गाठ पडतेच, आणि ती बाकी हेन्सेल यांच्या लेमाने पी-ॲडिक उत्तरापर्यंत नेता येते. पी = २ असताना मात्र मार्ग बंद होतो. छेद काढून टाकल्यावर तीन वर्गांची बेरीज शून्य व्हावी लागते, त्यातला निदान एक वर्ग विषम संख्येचा असतो, आणि ४ ने भागल्यावर वर्गाची बाकी ० किंवा १ च उरत असल्याने हे अशक्य आहे. म्हणून २-ॲडिक फील्डवर या तुकड्याचे इर्रिड्यूसिबल (आणखी न फुटणारे) रिप्रेझेंटेशन चार मितींचे राहते, तर ३, ५, ७ अशा प्रत्येक विषम मूळ संख्येसाठी ते दोन मितींचे होते.

हा योगायोग नाही. पी ग्रुपच्या ऑर्डरला भागत नसेल, तर सगळे डिव्हिजन अल्जिब्रा कम्युटेटिव्हच (गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच देणारे) निघतात, कारण मॉड्युलो पी फायनाइट फील्ड हाती येते आणि फायनाइट डिव्हिजन रिंग नेहमी कम्युटेटिव्ह असते.

शिक्षक, भुसावळ
सरांच्या उत्तराला माझी एक जोड, कारण माझ्या मते या विषयाचा खरा गाभा फील्डच्या खाली, पी-ॲडिक पूर्णांकांमध्ये (छेदात पी नसलेल्या पी-ॲडिक संख्यांमध्ये) आहे. २ ऑर्डरच्या ग्रुपमध्ये ग हा जनक असेल, तर २-ॲडिक फील्डवर (१+ग)/२ या आयडेम्पोटेंटने (ज्याचा वर्ग तोच असतो अशा घटकाने) ग्रुप अल्जिब्राचे दोन भाग होतात. पण १/२ हा २-ॲडिक पूर्णांक नसल्यामुळे पूर्णांकांवरचा ग्रुप रिंग अखंडच राहतो. तिथे क्षुल्लक, चिन्हाचा आणि ग्रुप रिंग स्वतः, असे तीन इनडीकंपोझेबल (आणखी न विभागणारे) लॅटिस, म्हणजे पूर्णांकांवरची रिप्रेझेंटेशन, मिळतात. पी ऑर्डरच्या सायक्लिक ग्रुपलाही तीनच असतात, पी² ला ४पी+१, आणि पी³ पासून पुढे त्यांची संख्या अनंत होते. हे हेलर आणि रायनर यांनी १९६० च्या दशकात दाखवले. पी-ॲडिक पूर्णांक कम्प्लीट असल्यामुळे क्रुल–श्मिट प्रमेय तरी टिकते, म्हणजे लॅटिसचे विघटन एकाच प्रकारे होते, आणि सामान्य पूर्णांकांऐवजी इथून सुरुवात करण्यात हा मोठाच लाभ आहे.

एम.एस्सी. विद्यार्थिनी, अमळनेर
दोन्ही सरांचे मनापासून आभार. ३-ॲडिक फील्डसाठी ते दोन मितींचे मॅट्रिक्स प्रत्यक्ष लिहून दाखवाल का? ५ साठी −१ चे वर्गमूळच मिळते, त्यामुळे ते मला जमले.

प्राध्यापक, धुळे
−२ ची ३ ने भागून बाकी १ उरते, म्हणून −२ चे वर्गमूळ ३-ॲडिक पूर्णांकांतच मिळते. त्याला ब म्हणा. पहिल्या जनकासाठी (०, −१) आणि (१, ०) या ओळींचा मॅट्रिक्स घ्या, दुसऱ्यासाठी (१, ब) आणि (ब, −१) या ओळींचा. दुसऱ्याचा वर्ग १+ब², म्हणजे −१ पट आयडेंटिटी येतो, आणि दोघांचा क्रम बदलला की गुणाकाराचे चिन्ह बदलते. सगळ्या नोंदी पूर्णांक आहेत, तेव्हा हेच मॅट्रिक्स मॉड्युलो ३ घेतले की ३ घटकांच्या फील्डवरचे इर्रिड्यूसिबल रिप्रेझेंटेशनही हाती येते. तो गुणाकार एकदा वहीत स्वतः करून पाहा.