बाँडाय ते ब्राँटी पोहायचंय, पण लाटांच्या पलीकडे जाऊ कसा?

टँकवाला_पुणेकर: मंडळी, सिडनीत तीन वर्षं झाली. डिसेंबरातल्या बाँडाय ते ब्राँटी या दोन बीचमधल्या पोहण्याच्या स्पर्धेला नाव घातलंय, २.४ किमी. अंतराचं टेन्शन नाही, पुण्याच्या टिळक टँकवर पोहत वाढलोय. पण काल बाँडायला उतरलो तर आतच जाता येईना, दोनदा उताणा पडलो, तिसऱ्यांदा गॉगल गेला आणि बायको वाळूत बसून व्हिडिओ काढत होती. बाकीचे कसे जातात राव?

खारट_काका: अरे लाटेशी भांडतोस कशाला, खालून जा. गुडघाभर पाण्यात पाय उंच उचलत पळायचं, कमरेला आलं की डॉल्फिन डाइव्ह. फेस अंगावर आला की थेट तळ गाठ, बोटं वाळूत रुतव, लाट वरून जाऊ दे, मग पाय आखडून तळाला रेटा दे आणि वर ये. घाईत वर आलास तर फेसात हात मारत बसशील, त्यात निम्मी हवाच, पकड कुठून मिळणार. आणि गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घाल.

मीनल_व्ही: रिपचं, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाचं, राहिलं की काका. सर्फ क्लबवाले मुद्दाम रिपमधूनच लाटांपलीकडे जातात, फुकटची लिफ्ट. लाटा फुटत नाहीत असा गडद पट्टा दिसतो तो. पण एकट्याने जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांबाहेर प्रयोग नकोत हं, १९३८च्या फेब्रुवारीत याच बाँडायला एका दुपारी अडीचशेच्या आसपास लोकांना ओढून काढावं लागलं होतं, ५ जण गेले.

चिवल्याची_मासोळी: मी मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत पोहलेय, पण तिथे डिसेंबरात समुद्र अगदी गरीब गाय असतो त्यामुळे स्टार्टबद्दल मी काय बोलणार. एवढंच सांगते, बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायला डोकं वर काढशील ते लाटेच्या माथ्यावर असताना काढ, खोलगटात नुसतं पाणीच दिसतं आणि मान दुखते ती वेगळीच.

टँकवाला_पुणेकर: भारी! आणि ब्राँटीला बाहेर येताना?

खारट_काका: तिथेच तर मजा. मागे बघत राहा, लाट पाय उचलायला लागली की चार-पाच हात जीव तोडून मार, मग एक हात पुढे आणि अंग ताठ. मी एकदा एका लाटेवर पाच जणांना मागे टाकलंय, पोहून एकालाही गाठलं नसतं 😄 लाट उभी आदळणारी असेल तर मात्र सोड तिला, मान मोडेल. हात वाळूला लागेपर्यंत उभा राहू नको.

मीनल_व्ही: ईशान्येचा वारा असला तर ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे डसणारे निळे जीव) येतात. डसली तर समुद्राच्या पाण्याने धू आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात २० मिनिटं धर, व्हिनेगर नको.

टँकवाला_पुणेकर: उद्या सकाळी परत जातोय. बायकोला फोन घरी ठेवायला सांगितलाय.