मदत हवी आहे: कृतिदेवमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या?

मंडळी, आमच्या सोसायटीची जुनी इतिवृत्तं वर्डमध्ये आहेत, पण सगळी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे आत रोमन अक्षरं आणि दिसायला देवनागरी; युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारी प्रमाण अक्षरपद्धत) नाहीत. नव्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये उघडली की रोमन अक्षरांची भेळ दिसते. फॉन्ट टाकल्यावर वाचता येतं, पण व्हॉट्सॅपवर चिकटवलं की पुन्हा तीच भेळ. नाव शोधायचं म्हटलं तर तेही सापडत नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, पण सभासदांची थकबाकी वगैरे मजकूर परक्या साइटवर टाकायला मन धजत नाही. शिवाय एका साध्या परिच्छेदावर करून पाहिलं, तर रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर!

इंटरनेटशिवाय चालणारा, तक्ते न मोडणारा मोफत कन्व्हर्टर किंवा लिब्रेऑफिसचा मॅक्रो (तेच काम आपोआप करणारी छोटी आज्ञावली) कोणी वापरलाय का? विंडोज ११ आहे, लिनक्सवरचा असला तरी चालेल.