नाचणीच्या पापडांसाठी ६ लाख: कलम ८ कंपनी काढू की गटच बरा?

रानवेल_अकोले: आमचा ११ जणींचा बचत गट आहे. नाचणीचे पापड, सत्त्व करतो. पल्व्हरायझर (दळायचं यंत्र), ड्रायर, पॅकिंग मशीन असं मिळून ६ लाख लागतील, गाठीला ७० हजार आहेत. एक एजंट म्हणतो, कलम ८ कंपनी (कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी) काढा, अनुदान आणून देतो, मला १० टक्के द्या. काय करावं? दिवाळीला नफा वाटून घ्यायचा आहे.

सीए_सदाशिवपेठ: ताई, दिवाळीचा नफा हवा तर कलम ८ विसरा. त्या कंपनीला सभासदांत नफा वाटताच येत नाही. उत्पादक कंपनी काढा, म्हणजे माल पिकवणारे-बनवणारेच तिचे मालक. १० उत्पादक पुरतात, वर्षाअखेर बोनसही देता येतो.

आबा_जुन्नर: आमची उत्पादक कंपनी आहे. माल पडून आहे, पण ऑडिट दरवर्षी वेळेवर!

ग्लोबल_मराठी: सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या शेअर बाजारात, का जात नाही? शून्य कूपन, शून्य मुद्दल रोखे, म्हणजे व्याजही नाही, मुद्दलही नाही. पैसे परतच करायचे नाहीत! डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या संस्थेचे असे रोखे तिथे लिस्ट झाले.

सीए_सदाशिवपेठ: अहो, ते रोखे ना-नफा संस्थांसाठी. किमान ५० लाख उभारावे लागतात. यांना ६ हवेत.

ग्लोबल_मराठी: मोठा विचार करायला काय जातं?

माई_वेंगुर्ला: पल्व्हरायझरात नाचणी तापते, पापड लाटताना चिरतात. आमच्याकडे पीठ जात्यावरचंच.

आबा_जुन्नर: ११ जणींना जातं ओढायला लावणार?

माई_वेंगुर्ला: आम्ही ओढलं की.

पीठगिरणी_वाई: पीएमएफएमई बघा, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, कृषी खात्याकडे आहे. प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन योजनेतून निघतं. एजंटाला दमडी देऊ नका. मी १८ हजार घालवून शहाणा झालो. आणि अनुदान हातात येत नाही हो! बँकेतच वेगळं ठेवतात, ३ वर्षं खातं नीट चाललं तर कर्जात वळतं करतात. माझा हप्ता दोनदा चुकला तेव्हा पोटात गोळा आला होता.

बांधावरून: त्याच योजनेत गटाला प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे. उमेदच्या (बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या) ताईंना विचारा.

पीठगिरणी_वाई: तेच सांगतोय, एजंट नको.

मीच_तो: मला एका कंपनीने सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून) २२ लाखांची मशिनरी दिली. ओळख लागते.

आबा_जुन्नर: मग ओळख करून द्या की.

सुलभा_नाशिक: आमच्या बँकेने ४ लाखांसाठी एफडी ठेवा म्हणून सांगितलं. १० लाखांपर्यंत बचत गटाकडून तारण घ्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा साहेबांनी चष्मा लावला.

रानवेल_अकोले: सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. कंपनी नाही, ६ लाखही नाहीत. बीज भांडवलाचा अर्ज टाकतोय, पण त्यावर थांबणार नाही. गटाच्या नावावर बँकेचं ३ लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी बसतंय, तेवढंच घेणार. पल्व्हरायझर आणि पिशव्या बंद करायचा हाताचा सीलर. ड्रायर रद्द, पापड छपरावरच वाळतील. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, उन्हाला कुठे हप्ता आहे?

सीए_सदाशिवपेठ: पावसाळ्यात काय करणार?

रानवेल_अकोले: भात लावणार.

माई_वेंगुर्ला: पीठ गार झाल्याशिवाय उकड काढू नका हो.

ग्लोबल_मराठी: ठाण्याला कुरिअर करता का? अर्धा किलोचा भाव?