मदत हवी आहे: आईबाबांसोबत काठमांडू ते पोखरा

दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन नेपाळला जातेय. काठमांडू ते पोखरा साधारण 200 किमी, पण सगळा घाटरस्ता आणि बराच वेळ खाली नदी. ऑगस्ट 2024 मध्ये जळगावकडच्या यात्रेकरूंची बस याच मार्गावर मर्स्यांगदी नदीत कोसळली, तेव्हापासून आई बसचं नाव काढू देत नाही. विमानाला बाबा नको म्हणतात! रात्रीचा प्रवास करायचा नाही, एवढं नक्की. मग सकाळची टुरिस्ट बस बरी की ड्रायव्हरसकट गाडी? वळणावर ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर आधीच कसा ओळखायचा? बाबांना गाडी लागते, तर वाटेतल्या मुगलिंग गावाच्या अलीकडे थांबायला स्वच्छ जागा आहे का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.