पिल्लू दुपारचं खाणं तसंच सोडतंय, काळजी करावी का?

प्रश्न (भुसावळ)
लॅब्राडॉर, साडेचार महिन्यांचं, वजन 14 किलो. सुकं खाणं चार वेळा, शिवाय सकाळी दूध-भाकरी. आठवडा झाला, दुपारचं खात नाही, रात्रीचं निम्मं सोडतं. खेळतं छान, शी घट्ट आहे. लसी झाल्यात, जंताचं औषध दोन महिन्यांपूर्वी दिलं. खाण्याचा ब्रँड बदलू का?

उत्तर (जळगाव)
ब्रँड बदलू नका भाऊ. ओठ वर करून दात बघा. या वयात दुधाचे दात पडतात, हिरड्या लाल होतात, चावायच्या दोरीवर रक्ताचा ठिपकाही दिसतो. कडक दाणे तेव्हा दुखतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या.
दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या आसपास, भर दुपारी ते खाणार कसं? पहाटे साडेपाच, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, अशा तीनच वेळा पुरेत. वीस मिनिटांनी भांडं उचला, भिजवलेलं लवकर आंबतं. खाल्लं नाही म्हणून मागून दूध देऊ नका, ते दुधाचीच वाट बघायला शिकतं.

उत्तर (धुळे)
दूध-भाकरीनेच पोट भरत असणार. दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाबही लागतात, बंदच करा. भाजीचा रस्सा लावून तर अजिबात नको, कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला लागतं, तुमचं राहिलंय. वजन सांगून डोस विचारून घ्या.

प्रश्नकर्ता
खालचे पुढचे दोन दात पडलेत! पण थांबायचं किती?

उत्तर (चोपडा)
खेळतंय, पाणी पितंय तोवर घाबरू नका. दर रविवारी त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपलं एकट्याचं वजन वजा करा. वजन वाढतंय तर भूक कमी झाली तरी चालेल, चार महिन्यांनंतर वाढीचा वेग तसाही मंदावतो. वजन थांबलं किंवा घटलं तर दाखवा.
चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. उलट्या आणि घाण वासाची पातळ किंवा रक्ताची शी असेल तर त्याच दिवशी, लस झालेली असली तरी, कारण पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार) वेळ देत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर गोचीड शोधा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत, आणि लगेच दवाखान्यात न्या. तीन महिन्यांच्या आतलं किंवा अगदी छोट्या जातीचं पिल्लू असेल तर एवढंही थांबू नये, उपाशीपोटी त्याची साखर उतरते.