ग्राइंडिंगनंतर एमपीआयमध्ये उभ्या रेघा: खरी चीर की नुसता भास?

भोसरीकर_शाफ्ट

जॉब २० एमएनसीआर ५ चा, बारमधून टर्न केलेला. व्यास ४० मिमी, लांबी ३२० मिमी, केस (कडक केलेला वरचा थर) ०.८ ते १.० मिमी, हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी. बेअरिंग सीट ग्राइंड झाल्यावर बेंच मशीनवर फ्लुरोसंट ओली एमपीआय (चुंबकीय पावडरने चिरा शोधायची तपासणी) करतो. हेडशॉट (जॉबच्या लांबीतून थेट करंट) १८०० अँपिअर डीसी, मग ३०० मिमी व्यासाच्या पाच वेढ्यांच्या कॉइलमध्ये एक शॉट.

हेडशॉटला काही जॉबच्या सीटवर अक्षाला समांतर बारीक रेघा चमकतात. पुसून परत शॉट दिला की काही जातात, काही राहतात. चाकणच्या ग्राहकाचा क्वालिटीवाला सरसकट रिजेक्ट म्हणतो, आमचा ग्राइंडर म्हणतो बारचीच सीम (बार बनतानाच आलेली लांब चीर) आहे, बारवाला ग्राइंडिंगकडे बोट दाखवतो. निकाल कसा लावायचा? आणि डिमॅग (चुंबकत्व काढायच्या) टनेलमधून काढूनही टोकांना १२ ते १५ गॉस राहतंय, त्याला चुरा चिकटून येतो. त्यावरही सांगा.

लेव्हल_टू

आधी करंट कमी करा. हेडशॉटला व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण १२ ते ३१ अँपिअर हा प्रचलित पट्टा आहे. ४० मिमीला तो ४८० ते १२४० येतो. तुम्ही ४५ च्या हिशोबाने देताय. एवढ्या करंटला पावडर कोपऱ्यांवर आणि सेक्शन बदलतो तिथे केसांसारखी उभी राहते, सगळी पार्श्वभूमी हिरवी दिसते आणि त्यात खरी रेघ लपते. ८०० ला सुरुवात करा. सूत्र मात्र अंदाजापुरतंच. हॉल प्रोबचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचा मीटर) सीटला लावून शॉट चालू असताना स्पर्शरेषेतलं क्षेत्र ३० ते ६० गॉस येतंय का बघा, आणि तो आकडा टेक्निक शीटवर लिहा.

कॉइलचं गणित असं: लांबी भागिले व्यास ८, म्हणून ४५००० भागिले ८, म्हणजे ५६२५ अँपिअर-टर्न. पाच वेढ्यांना ११२५ अँपिअर. जॉब कॉइलच्या आतल्या कडेला टेकलेला हवा, मधोमध लटकवलेला नको. पण कॉइलच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण तिच्या त्रिज्येइतकाच भाग नीट तपासला जातो, म्हणजे तुमच्याकडे एकूण ३०० मिमी. जॉब ३२०. टोकं सुटतायत. दोन शॉट घ्या.

आता रेघा. जी पुसल्यावर आणि पुन्हा शॉट दिल्यावर जाते, ती बहुतेक 'मॅग्नेटिक रायटिंग' असते. चुंबकत्व असलेले जॉब क्रेटमध्ये एकमेकांवर घासले की जिथे टेकतात तिथे स्थानिक ध्रुव तयार होतात आणि पावडर तिथे ओळीने बसते. खात्री करायची तर जॉब पूर्ण डिमॅग करा, सॉल्व्हंटने धुवा, सुकवा आणि योग्य करंटला पुन्हा शॉट द्या. रेघ त्याच जागी, तेवढ्याच लांबीची, धारदार कडेची आली तर ती खरी. डिमॅग न करता नुसतं पुसून केलेल्या फेरतपासणीवर कुणाशी वाद घालू नका.

पहिल्या शॉटची पद्धतही तपासा. बाथ (पावडर मिसळलेला द्रव) सोडायचा, थांबवायचा आणि लगेच अर्ध्या सेकंदाचे दोन शॉट. शॉटनंतर बाथ चालू राहिला तर बारीक इंडिकेशन धुऊन जातं. हे इतक्या ठिकाणी चुकतं की पहिली शंका मी यावरच घेतो. बाथची घनता रोज नाशपतीच्या आकाराच्या १०० मिलीच्या नळीत मोजा: पंप निदान अर्धा तास चालवून नमुना घ्या, पाण्याचा बाथ ३० मिनिटं आणि तेलाचा ६० मिनिटं स्थिर ठेवा, तळाशी फ्लुरोसंट पावडर ०.१ ते ०.४ मिली हवी. त्याहून जाड बाथ निथळताना स्वतःच रेघा पाडतो. यूव्ही दिवा ३८० मिमीवर निदान १००० मायक्रोवॉट प्रति चौरस सेमी, बूथमध्ये पांढरा उजेड २० लक्सच्या आत. उजेडात आपोआप काळा होणारा चष्मा इन्स्पेक्टरच्या डोळ्यावर नको.

नायटल_दोन_टक्के

वरचं सगळं मान्य, पण ग्राइंडर आणि बारवाल्याचं भांडण एमपीआयने मिटणार नाही. पावडर एवढंच सांगते की इथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतंय. का गळतंय ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

त्याआधी आकार बघा. दगड परिघावर फिरतो, म्हणून ग्राइंडिंगच्या चिरा त्याला आडव्या, म्हणजे तुमच्या जॉबवर अक्षाच्या दिशेने पडतात. सीमही अक्षाच्याच दिशेने असते, गोंधळ इथूनच होतो. ग्राइंडिंगच्या चिरा आखूड, बऱ्याच आणि एकमेकींना समांतर असतात, कधी जाळीसारख्या. त्या ग्राइंड केलेल्या पट्ट्यातच राहतात. सीम सहसा एकटी आणि लांब, सीटची हद्द ओलांडून टर्न केलेल्या भागातही जाते. त्यामुळे रेघ सीटबाहेर जाते का, हे यूव्हीखाली बघून मार्करने दोन्ही टोकं खूण करून ठेवा.

मग एक जॉब बळी द्या. आधी डिमॅग करा, नाहीतर कटिंगचा चुरा नमुन्याला चिकटतो आणि पॉलिशिंगला ओरखडे पडतात. अ‍ॅब्रेसिव्ह कटरवर भरपूर कूलंट ठेवून शाफ्टला आडवा काप घ्या. खुणेच्या रेघेवरून दगड जाईलच, पण कापताना नमुना तापू देऊ नका. काप जळला तर पुढचं सगळं व्यर्थ. माउंटिंगला कडा शाबूत राहील असं फिलर घातलेलं इपॉक्सी वापरा. बेकेलाइटचा गरम प्रेस साधारण १५० अंशांच्या वर जातो, त्यात कमी तापमानाला टेंपर केलेलं मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) थोडं बदलू शकतं आणि कड गोलावली की चिरेचं तोंडच दिसत नाही. पेपर १२० पासून १२०० पर्यंत, दर पेपरला नमुना ९० अंश वळवून मागचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. मग ६, ३ आणि १ मायक्रॉन डायमंड.

एच न करता (म्हणजे ऍसिड न लावता) १०० पटीला चिरेची खोली मोजा. आयपीसची पट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरने जुळवून घ्या (१ मिमीचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉन). वस्तुदर्शी भिंग बदललं की ही जुळवणी पुन्हा. मग २ टक्के नायटल (अल्कोहोलातलं नायट्रिक ऍसिड) ५ ते १५ सेकंद, अल्कोहोलने धुऊन सुकवा आणि ५०० पटीला बघा. चीर उथळ, पृष्ठभागाला काटकोनात, आणि तोंडाजवळ पांढरा पुन्हा कडक झालेला थर व त्याखाली गडद टेंपर झालेला पट्टा दिसला, तर दोष ग्राइंडिंगचा. चिरेत करडा ऑक्साइड भरलेला दिसला, तर ती बारसोबत आलेली. सीमच्या दोन्ही बाजूंचं डिकार्ब (कार्बन कमी झालेला भाग) ही एरवीची खूण. पण केस करताना कार्बन परत आत जातो, त्यामुळे तुमच्या जॉबवर ते पुसलेलं असू शकतं. म्हणून ऑक्साइडवरच भरवसा ठेवा.

नायटल बनवताना नायट्रिक ऍसिड अल्कोहोलात हळूहळू घालायचं, उलट नाही. ५ टक्क्यांहून तीव्र मिश्रण बंद बाटलीत साठवायचं नाही.

पाषाणचा_प्रोब

कुणी मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपी सुचवायच्या आधीच लिहितो: इथे त्याचा उपयोग नाही. एमएफएममध्ये कोबाल्ट-क्रोमियमचा थर दिलेली अतिसूक्ष्म सुई आधी पृष्ठभागाची उंची मोजते, मग साधारण ५० ते १०० नॅनोमीटर वर उचलून तीच रेषा पुन्हा फिरवतात आणि सुईच्या कंपनातला फरक चुंबकीय प्रतिमा म्हणून नोंदवतात. स्कॅनचा चौकोन जेमतेम १०० मायक्रॉनचा. पातळ फिल्म, हार्ड डिस्कचे बिट आणि डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकत्व असलेल्या सूक्ष्म भागांच्या) भिंती बघायला हे उत्तम. तुमची रेघ त्यात मावणारही नाही.

एसईएमचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) मात्र होऊ शकतं. पाषाणकडच्या एनसीएल, आयसरसारख्या संस्थांत अशी उपकरणं आहेत. पण नमुना देताना तो चुंबकीय धातूचा आहे हे फॉर्मवर स्पष्ट लिहा आणि डिमॅग करून द्या. उरलेल्या चुंबकत्वाने इलेक्ट्रॉन शलाका वळते, प्रतिमा सरकते आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम काही केल्या जुळत नाही. लेन्सचं क्षेत्र नमुन्यापर्यंत येणारं मशीन असेल आणि नमुना सैल बसवला असेल, तर तो उडून लेन्सला चिकटतो. ऑपरेटर नकार देतो तो यासाठीच.

बाकी तुमची पावडरची टाकी आणि डोमेन बघायची पद्धत जवळच्या नात्यातल्या आहेत. फ्रान्सिस बिटरने १९३१ मध्ये बारीक चुंबकीय चूर्ण टाकूनच लोखंडातल्या डोमेनच्या आकृत्या दाखवल्या होत्या.

डिमॅग_चाकण

१२ ते १५ गॉसचं उत्तर. तुम्ही डीसीने आतपर्यंत चुंबकत्व देता आणि ५० हर्ट्झच्या एसी टनेलने काढता. एसी क्षेत्र पोलादात काही मिलिमीटरच उतरतं, गाभा तसाच राहतो. त्यात कडक केसची कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व न सोडण्याचा गुण) जास्त, म्हणून क्षेत्रही जोरदार लागतं.

शेवटचा शॉट कॉइलचा ठेवा. हेडशॉटचं चुंबकत्व गोल फिरतं, त्याला बाहेर ध्रुव नसतात, म्हणून मीटर शून्य दाखवतो आणि जॉब मात्र चुंबकीय असतो. बेंचवर दिशा उलटणारा, पायरीपायरीने उतरणारा डीसी डिमॅग असेल तर कॉइलमध्ये तोच वापरा. सुरुवात मॅग्नेटाइज करताना दिलेल्या करंटइतकी किंवा जास्त, शेवट जवळजवळ शून्यावर.

टनेलच वापरायचा असेल तर जॉब एकेक सोडा. क्रेट भरून सोडला की बाहेरचे जॉब आतल्यांना आडोसा देतात, लोखंडी ट्रेही तेच करतो. कॉइलमधून हळू काढून निदान दीड मीटर लांब नेल्यावरच स्विच बंद. जॉब आत असताना करंट तोडला तर तो नव्याने मॅग्नेटाइज होतो. टनेल पूर्व-पश्चिम लावा. पृथ्वीचं क्षेत्र अर्धा गॉसही नाही, पण लांब, सडपातळ जॉबला उत्तर-दक्षिण ठेवून डिमॅग केलं तर शेवटच्या आवर्तनांत तेच हट्टाने आत बसतं. टोकांना ३ गॉसच्या आत आणा.

भोसरीकर_शाफ्ट

८०० अँपिअरला, डिमॅग आणि धुलाईनंतर बऱ्याच रेघा गेल्या. उरलेल्या सगळ्या आखूड, सीटच्या आतच. कापाला दिलाय. तोपर्यंत ग्राइंडिंगवर काय बघू?

नायटल_दोन_टक्के

ड्रेसिंगचं (दगडाला पुन्हा धार काढण्याचं) अंतर आधी कमी करा, बोथट दगड कापण्याऐवजी घासतो. कूलंटचा नोझल दगड आणि जॉबच्या संपर्कावर येतोय का बघा, नुसता दगडावर सांडत नसावा. दगड एक ग्रेड मऊ घेऊन बघा. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून टेंपरिंगचा चार्ट मागवा. टेंपरिंग चुकलं असेल किंवा रिटेंड ऑस्टेनाइट (कडक न झालेली उरलेली रचना) जास्त असेल, तर नेहमीच्या फीडलाही चिरा पडतात. ग्राइंड झालेला एखादा जॉब पूर्ण सीटवर नायटल एच करून बघा. गडद डाग म्हणजे टेंपर बर्न, त्यात पांढरे ठिपके म्हणजे पुन्हा कडक झालेला भाग. एच केलेला जॉब लगेच अल्कलीने धुवा, आणि पाठवायच्या मालात मिसळू देऊ नका.